राजूरचा बांबू आणि डीपीमधला कागद

मित्रहो, शीर्षक वाचून पान उलटू नका. हा लेख सिलॅबसमध्ये नाही, वायव्हाला येणार नाही आणि यात फॉर्म्युले जवळजवळ नाहीत. आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची माफी असावी. मराठी विभागाच्या संपादकांनी "तू लिहीच" म्हणून गळ घातली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इन्सुलेशनला मराठीत काय म्हणायचं हेच आपल्याला माहीत नाही. पुस्तकात 'विद्युतरोधन' असा शब्द सापडला. पण तो आमच्या मामांना सांगितला असता तर त्यांनी नुसतं बघितलं असतं. म्हणून मी इन्सुलेशनच म्हणणार आहे.

सुरुवात मामांपासूनच करते. माझं आजोळ राजूर, तालुका अकोले. भंडारदऱ्याला ट्रेकला गेलेल्यांनी राजूर पाहिलेलं असतं, निदान तिथले पेढे तरी खाल्लेले असतात. डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेच हे गाव. गेल्या वर्षी डिसेंबरात मामांचा फोन आला, "अगं, तू इलेक्ट्रिकल ना? आमचा डीपी जळालाय, सांग काय करायचं." गहू आणि हरभरा पाण्यावर आलेला, आणि वस्तीवरच्या सगळ्या मोटारी बंद. मी थर्ड इयरला. इक्विव्हॅलंट सर्किट काढता येतं, रेग्युलेशन काढता येतं, पण जळालेल्या डीपीबद्दल सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. नवा डीपी बसेपर्यंत पिकाची एक पाळी चुकली. मामा मला काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं.

गंमत बघा, याच परिसरात वीज तयार होते. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि त्याच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं वीजघर आहे. पुढे घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प झाला. तिथे रात्री पाणी वर चढवतात आणि दिवसा खाली सोडतात. एवढं सगळं उशाला असून वस्तीवरचा दिवा शेवटी अवलंबून कशावर? खांबावरच्या त्या पेटीतल्या कागदावर!

पेटीत कागद कशाला?

हो, कागदच. वाइंडिंग शॉपमध्ये ज्यांनी डीपीसी वायर हाताळली आहे त्यांना माहीत आहे की डीपीसी म्हणजे डबल पेपर कव्हर्ड. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेवर कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, थरांमध्ये कागद असतो, कॉइल आणि कोअरच्या मधे जाड प्रेसबोर्ड असतो, आणि हे सगळं तेलात बुडवलेलं असतं. गेली शंभराहून जास्त वर्षं हेच चालू आहे. प्लास्टिक आलं, इपॉक्सी आलं, अरामिड आलं, तरी तेलातल्या ट्रान्सफॉर्मरमधून कागद गेलेला नाही. १८९० च्या सुमाराला फेरांटी यांनी लंडनमध्ये डेप्टफर्डहून १० किलोव्होल्टची केबल टाकली, तिचं इन्सुलेशनही मेणात भिजवलेला तपकिरी कागदच होता, आणि ती १९३३ पर्यंत वापरात होती. कागद म्हणजे तात्पुरती, कच्ची वस्तू अशी आपली समजूत असते. ती इथे सोडून द्यावी लागते.

कोरडा कागद एकटा काही मोठा पहिलवान नाही. त्याच्या छिद्रांत हवा असते आणि हवा साधारण मिलिमीटरला तीन किलोव्होल्टवर हार मानते. शिवाय ज्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट कमी, त्याच्या वाट्याला फील्ड जास्त येतं. सेल्युलोजचा कॉन्स्टंट सहाच्या आसपास आणि हवेचा एक. म्हणजे सगळा ताण नेमका सगळ्यात दुबळ्या गड्यावर! तेल हवेला हुसकावून छिद्रांत जाऊन बसतं. तेलाचा कॉन्स्टंट २.२ च्या आसपास आणि सोसायची ताकद हवेच्या कितीतरी पट. कागद तेलाला जागेवर धरतो, तेल कागदाची भोकं बुजवतं. दोघं मिळून जे जमतं ते एकेकट्याला जमत नाही.

आणि एक जाड कागद न वापरता अनेक पातळ थर का? कारण कागदात कुठे तरी सुईच्या टोकाएवढं भोक असणारच. पण एका थराचं भोक आणि त्याखालच्या थराचं भोक बरोबर एकाखाली एक येण्याची शक्यता फारच कमी. हॉस्टेलमधल्या फाटक्या चादरी आपण याच तत्त्वावर दोन-दोन घालतो.

दोन डीपी

गावात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. कागदाच्या शास्त्रात मात्र डीपी म्हणजे डिग्री ऑफ पॉलिमरायझेशन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. एका माळेत सरासरी किती मणी, तो डीपी. नव्या इन्सुलेशन पेपरमध्ये तो साधारण १००० ते १२०० असतो. उष्णता, पाणी आणि ऑक्सिजन या तिघांनी माळ मधेमधे तुटत जाते. डीपी २०० पर्यंत उतरला की कागदाचं आयुष्य संपलं असं धरतात. असा कागद बोटांत धरला तर चुरा होतो.

इथे एक गोष्ट मला पुस्तकात वाचून खरी वाटत नव्हती. म्हातारा कागद व्होल्टेज सोसायला फारसा कमी पडत नाही, तो मार सोसायला कमी पडतो. बाहेर लाइनवर फांदी पडून शॉर्ट झालं की करंट वीस पटीपर्यंत जातो, आणि वाइंडिंगवरचं बल करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वीस पट करंट म्हणजे चारशे पट बल! तारा एकमेकींना हिसके देतात, खुळखुळा झालेला कागद फाटतो, दोन वेढे चिकटतात, आणि मग मामांचा फोन येतो.

उष्णतेचा हिशोब तर आणखी कडक आहे. साध्या क्राफ्ट पेपरसाठी वाइंडिंगमधल्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान ९८ अंश धरून सामान्य आयुष्य मोजतात. त्यावर दर ६ अंशांना झीज दुप्पट. १०४ ला दुप्पट, ११० ला चौपट, ११६ ला आठपट. रब्बीत लाइट रात्रीची आली की वस्तीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात. त्या काही तासांत कागद किती दिवसांनी म्हातारा होतो याचा हिशोब तुम्हीच करा. त्यात कागद कुजताना स्वतःच पाणी सोडतो आणि ते पाणी पुन्हा कागदच कुजवतं. कारखान्यात ट्रान्सफॉर्मर वाळवून कागदातलं पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणतात. पण ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी होऊन वर्ष उलटलं तरी ती कोणी बदलली नाही, तर काय होणार? तेलाला पाणी फारसं आवडत नाही, कागदाला मात्र फार आवडतं. आत शिरलेलं बहुतेक पाणी कागदातच मुरतं.

मामांना त्या दिवशी हे सांगता आलं असतं तर गहू वाचला नसता. पण पुढच्या वेळी एकाच फेजवर किती मोटारी आहेत आणि ब्रीदरचा रंग कोणता, हे त्यांनी नक्की पाहिलं असतं. आता ते पाहतात.

पाइनच का? बांबू का नाही?

हा कागद 'क्राफ्ट' पद्धतीने करतात. डाल नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८७९ च्या सुमाराला ही रीत काढली. जर्मनमध्ये क्राफ्ट म्हणजे ताकद. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये १६०-१७० अंशांवर शिजवायचे. लाकडाला कडक ठेवणारं लिग्निन विरघळून जातं आणि सेल्युलोजचे धागे मोकळे होतात. इन्सुलेशनसाठी हा पल्प ब्लीच करत नाहीत, कारण ब्लीचिंगने माळा तुटतात आणि क्लोराइड मागे राहतं. म्हणून डीपीतला कागद कायम तपकिरी असतो. पांढराशुभ्र कागद इथे नापास!

धागा लांब हवा म्हणून थंड प्रदेशातल्या पाइन आणि स्प्रूसचं लाकूड घेतात. त्याचा धागा साधारण ३ मिलिमीटर. निलगिरीचा एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. आपल्याकडे कागदासाठी तोडावीत एवढी पाइनची जंगलं नाहीत, त्यामुळे असा पल्प किंवा कागद बाहेरून येतो. आणि बांबूचा धागा? जातीप्रमाणे दीड ते तीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे लांबीत पाइनच्या जवळपास आणि जाडीत त्याहून बारीक. शिवाय मानवेल तीन-चार वर्षांत तोडायला येतो, पाइनला दशकं लागतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं! राजूरच्या बांधावर ट्रान्सफॉर्मर पिकणार!

तसं बांबूचा कागद ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांबू पल्पवर काम झालं, आणि १९२५ साली बांबू कागदाच्या उद्योगाला संरक्षण देणारा कायदाही झाला. महाराष्ट्रात बल्लारपूरची पेपर मिल चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर उभी राहिली, ती १९४५ ची कंपनी. तुमच्या शाळेच्या वह्यांत विदर्भातला बांबू असण्याची बरीच शक्यता आहे. मग वहीला चालतो तो डीपीला का नको? इथे माझा उत्साह थोडा थंड झाला.

बांबूच्या देठात साधारण निम्मा भाग मऊ, आखूड पेशींचा असतो. धागे असतात जेमतेम चाळीस टक्के. त्या आखूड पेशी म्हणजे कागदात नुसता भुसा. दुसरं म्हणजे राख. बांबू जाळला की पाइनपेक्षा कितीतरी जास्त राख उरते आणि तिच्यात सिलिका भरपूर असते. आता सिलिका स्वतः तर इन्सुलेटर, मग तक्रार काय? सिलिका शिजवणाऱ्या कॉस्टिकमध्ये विरघळते, काळ्या पाण्यात उतरते आणि मिलच्या बाष्पकांत पुटं धरते. शिवाय राखेत पोटॅशियम, कॅल्शियम असतात. पाण्याचा अंश मिळाला की यांचे आयन चालू लागतात आणि कागदातून करंट झिरपतो. म्हणून इन्सुलेशन पेपरच्या कसोट्यांत नुसती ताकद मोजत नाहीत. राख मोजतात, कागद पाण्यात उकळून त्या पाण्याचा पीएच आणि कंडक्टिव्हिटीही मोजतात. आपल्याकडे यासाठी आयएस ९३३५ हे मानक आहे. लायब्ररीत विचारा.

ठाकरवाडीतले बाबा

दिवाळीत राजूरला गेले होते तेव्हा मामांनी मला जवळच्या ठाकरवाडीत एका बाबांकडे नेलं. ते टोपल्या, सुपं, डालगी करतात. पूर्वी इरली पण करायचे, आता प्लॅस्टिकच्या कागदाने इरलं बंद केलं. मला वाटलं होतं की बांबू विकत घ्यायचा आणि निघायचं. दोन तास बसले.

बाबांनी कोयत्याने बांबू फोडला, कामट्या काढल्या आणि प्रत्येक कामटीचे दोन भाग केले, पाठ आणि पोट. पाठीकडचा भाग चिवट, तो टोपलीच्या काठाला. पोटाकडचा मऊ, तो भरायला किंवा चुलीत. मी जी आकृती पुस्तकात पाहिली होती ती समोर बसून कोयत्याने काढत होते! धागे पाठीकडे दाट असतात आणि आखूड पेशी पोटाकडे जास्त. मात्र सिलिका सगळ्यात जास्त अगदी वरच्या हिरव्या सालीत. बाबा ती हिरवी साल कोयत्याच्या धारेने खरवडून टाकत होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हात कापतो ना पोरी." सिलिकाचं इतकं नेमकं वर्णन मी केमिस्ट्रीच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

म्हणजे कागदाला हवा तो भाग कोणता? साल खरवडलेली पाठ. पोट नको, साल नको. मिलमध्ये अख्खा बांबू चिपरमध्ये जातो, त्यात हे सगळं एकत्र शिजतं. वहीच्या कागदाला ते परवडतं. पण डीपीच्या कागदाला जर पाठच द्यायची, तर ती निवडण्याचं काम टोपली विणणाऱ्या हातांना आधीपासून येतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती मला कोणत्या पेपरात मिळाली नाही.

बाबा असंही म्हणाले की बांबू पावसाळ्यात तोडायचा नाही, दिवाळीनंतर तोडायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे किडा लागत नाही. चंद्राचं मला माहीत नाही. पण किडा येतो तो बांबूतल्या स्टार्चसाठी, आणि तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की स्टार्च बराच निघून जातो, हे शास्त्राला मान्य आहे. कागदालाही तो स्टार्च नकोच असतो.

आमचा प्रयोग (आणि फजिती)

आम्ही तिघींनी मिळून सरांच्या परवानगीने प्रयोग केला. सोडियम सल्फाइडला सरांनी साफ नकार दिला. त्यातून विषारी वायू सुटतो, आणि हॉस्टेल काय, सगळं कॉलेज सडक्या अंड्यासारखं घमघमलं असतं. म्हणून फक्त कॉस्टिक सोडा. एका मैत्रिणीने मेसचा ॲल्युमिनियमचा कुकर आणायचं सुचवलं होतं. हे कोणीही करू नका! कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. बंद कुकर, हायड्रोजन आणि खाली बर्नर, पुढचं सांगायला नको. आम्ही स्टीलचा घेतला, गॉगल आणि ग्लोव्ह्ज घालून. पण कुकर १२० अंशांच्या आसपासच थांबतो, त्यामुळे बांबू तासन् तास शिजवूनही पेरांजवळच्या गाठी तशाच टणक राहिल्या. त्या वेचून टाकल्या.

मग दुसरी चूक. पल्प मिक्सरमध्ये फिरवला. पेपर मिलमध्ये धागा कुटतात, म्हणजे तो फुलतो, त्याला बारीक केस फुटतात आणि ते एकमेकांत अडकतात. मिक्सरचं पातं धागा कापतं. ज्या लांबीसाठी पाइनशी बरोबरी सांगत होतो, ती आम्हीच दोन मिनिटांत कापून टाकली! दुसऱ्या खेपेला उखळ-मुसळ आणलं. शेजारच्या खोलीतल्यांना वाटलं की आम्ही चटणी कांडतोय.

मच्छरदाणीची जाळी चौकटीला ताणून तिच्यावर पल्प गाळला, टिपकागदात दाबला, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवला, ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये रात्रभर ठेवला आणि एचव्ही लॅबमध्ये दोन पितळी इलेक्ट्रोडमध्ये धरून व्होल्टेज वाढवत नेलं. शेजारी तुलनेसाठी वाइंडिंग शॉपमधला तेवढ्याच जाडीचा क्राफ्ट पेपर. आमची पहिली शीट इतक्या लवकर फुटली की सर म्हणाले, "अजून रीडिंग घ्यायला सुरुवात तरी करू द्या." कारण सापडलं ते फेनॉल्फ्थॅलिनने. शीटचा तुकडा पाण्यात उकळून दोन थेंब टाकले तर पाणी गुलाबी! कॉस्टिक नीट धुतलंच गेलं नव्हतं. कागद नव्हे, आम्ही सोडियमचे आयन टेस्ट करत होतो. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवत बसलो, मीटरवर पाण्याची कंडक्टिव्हिटी उतरेपर्यंत. त्यानंतरच्या शीट पुष्कळ चांगल्या टिकल्या, तरी क्राफ्टच्या खालीच. आकडे मुद्दाम देत नाही. व्हॅक्यूम न लावता भिजवलेल्या, हाताने गाळलेल्या, जाडीला असमान अशा सात-आठ शीटचे आकडे छापून कोणाची दिशाभूल करायची नाही.

फुटलेल्या शीटचं भोक मायक्रोस्कोपखाली पाहिलं. भोकाच्या कडा काळ्या, कोळसा झालेल्या. तेव्हा एडिसनची आठवण झाली. १८८० साली त्याने क्योटोजवळच्या यावाताचा बांबू जाळून त्याची कार्बन फिलामेंट केली आणि ती हजार-बाराशे तास पेटती राहिली. म्हणजे बांबू विजेच्या धंद्यात आला तो आधी कंडक्टर म्हणून! तोच सेल्युलोज, कोरडा आणि थंड असेल तर वीज अडवतो, जळून कार्बन झाला की वाहून नेतो. आमच्या शीटमध्ये त्या भोकाच्या कडेला एडिसनची फिलामेंटच तयार झाली होती. एकदा ती वाट पडली की कागद पुन्हा सावरत नाही.

मग जमेल का?

४०० किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बांबू घालू या असं मी म्हणणार नाही. तिथला कागद बनवणाऱ्यांच्या हाताशी अनेक दशकांचा अनुभव आहे. पण खांबावरचा ११ किलोव्होल्टचा डीपी घ्या. १०० केव्हीएमध्ये शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये नेहमीचा फरक जेमतेम चार-पाच व्होल्टचा. खरी परीक्षा वीज कोसळते तेव्हा, पहिल्या काही वेढ्यांची, आणि शॉर्टच्या हिसक्याची. तिथे बांबू आणि पाइनचा मिश्र पल्प, किंवा जाड प्रेसबोर्डमध्ये बांबूचा काही हिस्सा, हे मला शक्य वाटतं. सर म्हणतात की आधी एजिंग टेस्ट करा, तेलात तापवून महिनोन् महिने ठेवा, डीपी मोजा, मग बोला. बरोबरच आहे. नवा कागद पहिल्या दिवशी किती व्होल्टेज सोसतो याला फार अर्थ नाही. तो पंधरा रब्बी हंगाम काढतो का, हा प्रश्न आहे.

बांबू आणायचा कुठून, हा दुसरा प्रश्न. मानवेलाला काही दशकांनी एकदम फुलोरा येतो आणि फुललेली बेटं मरून जातात, तेव्हा मिलवाल्यांची पंचाईत होते. जंगलातला बांबू कोणाचा यावर तर गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने मोठी लढाई लढली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने गावाच्या हाती आले. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडणं सोपं झालं. मामांनी ओढ्याच्या कडेला दहा रोपं लावली आहेत. त्यांचा मूळ हेतू माती धरून ठेवण्याचा आहे, माझ्या कागदाचा नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाबांनी यंदा दिवाळीनंतर तोडलेले चार बांबू माझ्यासाठी ओढ्यात बुडवून ठेवलेत, वर दगड ठेवून. परीक्षा संपली की आणायला जाणार आहे. ज्यांना पाठ-पोट वेगळं करायला शिकायचंय त्यांनी माझ्याबरोबर यावं. उखळ-मुसळ अजून खोलीतच आहे. व्हॅक्यूम पंपाचं मात्र केमिकल डिपार्टमेंटच्या सरांना विचारायचं राहिलंय.